घाणेवाडीचं पाणी

जालना जिल्ह्यात डोंगरातला तलाव शोधायला निघालेल्या माणसाच्या पदरी निराशाच यायची. अजिंठ्याची रांग भोकरदन-जाफराबादच्या अंगाने येते आणि दक्षिणेकडे उतरता उतरता माळरान होऊन जाते. जालना शहराच्या उत्तरेला कुंडलिका नदीवर, निजामाच्या राजवटीत, 1930 च्या दशकात बांधलेला घाणेवाडीचा तलाव हेच आमचं महाबळेश्वर.

हा तलाव मी पाहण्याआधी प्यायलो. नव्या जालन्यात आमच्या नळाला पहाटे पाणी यायचं. “घाणेवाडी आली, उठा,” म्हणत आजी घागरी मांडायची. तलाव शहरापेक्षा उंचावर आहे, पाणी नुसत्या उताराने गावात येतं, त्याला पंप लागत नाही की वीज, हे शाळेत असताना काकांनी सांगितलं. तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. पाणी खालीच वाहणार!

कॉलेजच्या वयात सायकली काढून आम्ही तिथे जाऊ लागलो. पाळीवर बसलं की समोर पाणी, पलीकडे बोडक्या टेकड्या, काठाला बाभळी. सळयांचे कारखाने आणि मोंढ्यातली हमाली असलेलं आमचं गाव तिथून ऐकूच यायचं नाही. ऐकू यायची ती टिटवी आणि दगडांवर थडकणारं पाणी. हिवाळ्यात लांबून आलेली बदकं पाण्याच्या मध्यावर बसलेली असत. परीक्षा, नोकरी, लग्न असे सगळे विषय त्या पाळीवर बोलून झाले. तलावाकडे मात्र आम्ही नुसतं बघत होतो.

त्याची खरी ओळख 2012-13 च्या दुष्काळात झाली. तेव्हा जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, उभी झाडं सरपणाला गेली, आणि तलावाचा तळ उघडा पडला. मी त्या भेगाळलेल्या तळावरून चालत गेलो. पायाखाली होता तो आसपासच्या माळावरून दर पावसाळ्यात धुपून आलेला गाळ. पाऊस कमी पडला हे खरंच. पण पडलेलं पाणी धरून ठेवायची जागाही या मातीने खाल्ली होती. गावातली माणसं एकत्र आली, पोकलेन लागले, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर भरभरून गाळ शेतात नेला. जी माती तलावाला जड झाली होती, ती वावराला लागली. या जलाशयाला संत गाडगेबाबांचं नाव दिलेलं आहे. बाबांच्या खराट्याशी त्याचं नातं मला त्या उन्हाळ्यात पटलं.

आता पैठणहून जायकवाडीचं पाणीही शहरात येतं. ते पंपाने चढवावं लागतं आणि त्याचं वीजबिल भरावं लागतं. उताराने फुकट येणाऱ्या पाण्याची किंमत त्या बिलावरून कळते. कुणीतरी जमिनीचा चढउतार नीट पाहून जागा निवडली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घागरी भरल्या. आमच्या वाट्याला आलेलं काम त्या मानाने हलकं आहे: वरच्या माळावर गवत आणि झाडं टिकवायची, म्हणजे माती जागच्या जागी राहील, आणि आलेला गाळ वेळच्या वेळी काढायचा.

सप्टेंबरात भरलेल्या पाण्यासोबत फोटो काढायला सगळेच येतात. तुम्ही जरूर या, पण एकदा मे महिन्यातही या. पाणी किती उरलंय आणि गाळ किती साचलाय, हे तेव्हाच दिसतं.