वेस्ट हॅमचे नवे बिऱ्हाड

पूर्व लंडनच्या ग्रीन स्ट्रीटवर साड्यांची आणि दागिन्यांची दुकाने इतकी, की क्षणभर आपण दादरलाच आहोत असे वाटावे! याच रस्त्यावर १९०४ पासून २०१६ पर्यंत वेस्ट हॅम या फुटबॉल संघाचे मैदान होते. आता तिथे सदनिका आहेत. जवळच्या चौकात मात्र १९६६ चा विश्वचषक उंचावणारा बॉबी मूर सवंगड्यांच्या खांद्यावर ब्राँझमध्ये बसून आहे.

संघ गेला स्ट्रॅटफर्डला, २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये. सामना पाहायला मीही गेलो. शेजारी एक आजोबा आणि त्यांचा नातू बसले होते. त्यांचा वाद सामन्यापेक्षा रंगला!

"तिथं कडेला आलेल्या खेळाडूचा श्वास ऐकू यायचा. इथं दुर्बीण हवी!" आजोबा म्हणाले. तक्रार खरी होती. मूळ बांधणी धावपट्टीसाठी. खुर्च्या पुढे सरकवल्या, तरी मैदान लांबच राहते.

"आणि हे भाड्याचं घर! नव्व्याण्णव वर्षांच्या कराराचं!"

चाळ सोडून ब्लॉकमध्ये गेलेले आमचे एक काका अगदी याच सुरात बोलत.

"पण आजोबा, तिथं पस्तीस हजारच मावायचे. इथं साठ हजारांवर मावतात, म्हणून तर मला तुमच्या शेजारी तिकीट मिळालं."

आजोबा गप्प झाले. तेवढ्यात गोल झाला. सारे स्टेडियम उठले.

"कुणी मारला रे?" आजोबांनी विचारले.

नातू मोठ्या पडद्याकडे पाहत होता.