नेम आणि शिस्त



भाषेच्या अभ्यासपुस्तिकेत बंदुकीचे काय काम, असा प्रश्न तुम्हांला पडेल. परंतु मूल्यमापनाविषयीचा माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठा धडा मी वर्गात नव्हे, तर अमेरिकेतील टेक्सास राज्यातील एका नेमबाजीच्या मैदानावर शिकलो. हा धडा जितका माझा आहे, तितकाच तुमचाही आहे, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, निवृत्तीनंतर तिकडेच स्थायिक झाले. सैन्यातून बाद झालेल्या जुन्या रायफली तिकडे स्वस्तात विकल्या जात असत. दाजींनी अशीच एक दीडशे डॉलरला विकत घेतली होती. नळीच्या मागच्या बाजूस, दस्त्याजवळच्या लोखंडी पट्टीवर कोरलेली 'आर.एफ.आय.' ही अक्षरे आणि १९६७ हे वर्ष पाहून मी चमकलो. ती बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात घडलेली रायफल होती. ज्या ली-एनफिल्ड जातीची थ्री-नॉट-थ्री मी १९८८ साली एन.सी.सी.च्या कवायतीत खांद्यावर वाहिली, तिचीच ही धाकटी बहीण. १९६२ च्या युद्धानंतर भारताने त्याच जुन्या आराखड्यावर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ही रायफल बनवली. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे अशा लष्करी मापाची रायफल सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. घरची वस्तू मला परक्या देशात भेटली होती.

दाजींना एकच निर्णय हवा होता : ही ठेवावी की मोडीत काढावी? रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी बोल्ट काढला आणि नळी उजेडाकडे धरून आत पाहिले. गंज नव्हता, आतील पीळदार खाचा स्पष्ट होत्या. काडतूस नीट बसते की नाही, हे जाणकार कारागिराकडून आधीच तपासून घेतले होते. मग आम्ही मैदानावर गेलो. पाहुणा म्हणून गेलेल्या परदेशी माणसाला, काही अपवाद वगळता, तिथे बंदूक हाती घेता येत नाही. त्यामुळे मी कानांवर संरक्षक चढवून दुर्बिणीतून लक्ष्यपत्र पाहत वहीत नोंदी करीत होतो.

वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून दाजींनी शंभर गजांवर तीन गोळ्या झाडल्या. एकही केंद्राजवळ नव्हती. तिन्ही डावीकडे, सुमारे वीस सेंटिमीटर लांब. "दीडशे डॉलर पाण्यात गेले रे!" दाजी म्हणाले. शेजारच्या बाकावरील एका वृद्ध नेमबाजाने दुर्बिणीला डोळा लावला आणि तो हसला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : केंद्र नंतर पाहा, आधी तीन छिद्रांमधले अंतर पाहा. ती तिन्ही माझ्या तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ होती. रायफल वाईट असती तर गोळ्या चहूकडे विखुरल्या असत्या. ही मात्र दरवेळी एकाच ठिकाणी चुकत होती. म्हणजे नळी उत्तम होती, बिघाड होता तो फक्त माशीत.

नळीच्या टोकावर जे उभे पाते असते, त्याला मराठीत माशी म्हणतात. ती बाजूला सरकवता येते. दाजी ती उजवीकडे सरकवायला निघाले, तेव्हा त्या गृहस्थाने त्यांना थांबवले. गोळी डावीकडे जात असेल, तर माशीही डावीकडेच न्यावी लागते. चूक जिकडे, माशी तिकडे. हे ऐकायला विपरीत वाटते, पण विचार केला की उमगते : माशी डावीकडे गेली की तिला पुन्हा केंद्रावर आणण्यासाठी नेमबाज नळीच उजवीकडे वळवतो. किती सरकवायची, याचेही साधे गणित आहे. मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर सुमारे अर्धा मीटर आणि लक्ष्य सुमारे नव्वद मीटरवर, म्हणून वीस सेंटिमीटरच्या चुकीला जेमतेम एक मिलिमीटर पुरतो. माशी तेवढी सरकवल्यावर पुढच्या तीन गोळ्या केंद्राला लागून बसल्या. दाजी लहान मुलासारखे खूश झाले. मी मात्र गप्प होतो.

मला एक उत्तरपत्रिका आठवत होती. काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एक विद्यार्थिनी बाहेरून बी.ए. करीत होती. दिवसभर मजुरी आणि रात्री अभ्यास. तिच्या उत्तरांत 'पाणी'चे 'पानी', 'लोणी'चे 'लोनी', 'कोण'चे 'कोन' झाले होते. मी प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढली, लेखन अशुद्ध म्हणून गुण कापले आणि ती थोडक्यात अनुत्तीर्ण झाली. पुढच्या वर्षी तिने नावनोंदणी केली नाही. मित्रहो, भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने हे केले! 'ण'च्या जागी सर्वत्र 'न' येणे हा गोंधळ नव्हे, तो तिच्या बोलीचा नियम होता. तिची छिद्रे एका तळहातात मावत होती. तिला हवी होती ती एक मिलिमीटरची दुरुस्ती, आणि ती करायची तर मला आधी तिच्या चुकीच्या दिशेने, म्हणजे तिच्या बोलीकडे सरकावे लागले असते. मी केंद्रापासूनचे अंतर मोजले, छिद्रांमधले मोजले नाही. एन.सी.सी.त 'आधी ग्रुपिंग, मग निशाणा' असे शिकवत, तेही मी विसरलो होतो.

आपली भाषा हे विसरली नव्हती. 'शिस्त' हा शब्द फारसीतून आला. त्याचा जुना अर्थ बंदुकीचा रोख, नेम. हिंदीत 'शिस्त लेना' म्हणजे आजही नेम धरणे. मराठीत मात्र तो वळणदार वागणुकीसाठी रूढ झाला. उलट 'नेम' हा संस्कृत 'नियम'चा वंशज. नित्यनेमातला नेम तोच आणि बंदुकीचाही तोच. एक शब्द बंदुकीकडून वागणुकीकडे आला, दुसरा वागणुकीकडून बंदुकीकडे गेला. नियमितपणा असेल तरच नेम साधता येतो, हे या दोन शब्दांनी केव्हाच नोंदवून ठेवले आहे.

म्हणून तुमचा गृहपाठ तपासून परत येईल, तेव्हा केवळ गुण पाहू नका. लाल रेघा एकत्र मांडून पाहा. त्या विखुरलेल्या असतील तर सराव वाढवा. त्या एकाच जागी गोळा झाल्या असतील तर निराश होऊ नका, कारण तुमच्यात एक नियम आहे आणि दुरुस्ती लहान आहे. केवळ एका चुकीवरून निष्कर्ष काढू नका, निदान तीन तरी पाहा. आणि आपल्या समंत्रकाला निःसंकोच विचारा, "सर, माझी माशी कुठे सरकली आहे?"

त्या विद्यार्थिनीने मला हे विचारले नाही. विचारण्याचे बळ तिला माझ्याकडूनच मिळायला हवे होते. तेव्हापासून उत्तरपत्रिका हाती घेतली की लाल पेन उघडण्याआधी मी ती एकदा सरळ वाचून काढतो.