यंत्राची कुरकूर

आपल्या मराठीत आवाजांच्या नावांची केवढी समृद्धी आहे, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो. मोहरी तडतडते, पाने सळसळतात, बांगड्या किणकिणतात, जुने दार करकरते, खिशातील नाणी खुळखुळतात आणि रिकामा गाडा खडखडतो. घरातील कोणत्याही वृद्ध स्त्रीस विचारावे. चुलीकडे पाठ असतानाही फोडणी करपू लागली की नाही, हे ती केवळ कानाने सांगते. परंतु तेच कुटुंब दारातील दुचाकीविषयी बोलू लागले म्हणजे ही सारी संपत्ती विसरते. "गाडीतून कसला तरी आवाज येतो," एवढ्या एका वाक्यावर दुरुस्तीची बोलणी सुरू होतात, आणि त्या 'कसल्या तरी' आवाजाचे मोल पुढे हजारांनी द्यावे लागते. आवाज नीट ऐकणे व त्यास नेमके नाव देणे ही यंत्राची अर्धी चिकित्सा होय, असे माझे मत आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाने दृढ झाले आहे. तो प्रसंग व त्यामागील शास्त्र ही दोन्ही वाचकांपुढे ठेवितो.

मी यंत्रविद्येचा जाणकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत व पुढे संस्कृत पाठशाळेत झाले. चौतीस वर्षे मुलांकडून शब्द आणि धातू घोकवून घेण्यात गेली. मात्र या व्यवसायात कान तयार होतो. शेवटच्या बाकावरील मुलाने 'शंकर' म्हटले की 'संकर', हे फळ्याकडे तोंड असतानाही मास्तरास कळावे लागते. त्यातून आमचे घर औरंगपुऱ्यात. भाजीवाल्यांच्या आरोळ्या, शाळा सुटल्याचा गलका आणि अरुंद गल्लीतून जाणाऱ्या गाड्यांचे कर्णे यांत आयुष्य काढणारास नको ते आवाज बाजूस सारून हवा तो ऐकण्याची सवय आपोआपच लागते.

आमच्या शहराचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे व 2023 पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचे, दुचाकीशी नाते निकटचे आहे. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या व त्यास सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांच्या आधारावर येथील पुष्कळ घरे उभी राहिली. तथापि आपल्याकडील दुचाक्या बहुतांशी डांबरी रस्त्याच्या. चिखल, नांगरट व दगडगोटे यांतून जाण्यासाठी बांधलेली, उंच पोटाची आणि लांब झोके घेणारी जी गाडी, जिला तरुण मंडळी डर्ट बाइक म्हणतात, ती अपूर्वच. त्या वळणाची, रस्त्यावर व रस्त्याबाहेरही चालणारी हीरो कंपनीची इम्पल्स 2011 मध्ये निघाली व काही वर्षांनी बंद झाली. रॉयल एनफील्डची हिमालयन 2016 मध्ये आणि हीरोची एक्सपल्स 2019 मध्ये आली. माझ्या पुतण्याने याच वळणाची एक जुनी गाडी दुसऱ्याकडून विकत घेतली होती. ती कोणत्या कंपनीची हे येथे अप्रस्तुत आहे. तिला जडलेला विकार वयाचा आणि धुळीचा होता.

पुतण्या ठिबक सिंचनाची कामे पाहतो. कन्नड तालुक्यातील शेतांवर त्याची रोजची फेरी, आणि आठवड्यातून एकदा औट्रम घाट उतरून चाळीसगावच्या बाजूस जाणे. उन्हाळ्याच्या तोंडी गाडीतून एक नवा आवाज येऊ लागला. एका दुरुस्तीवाल्याने तो उभ्या उभ्या ऐकला आणि "फुल इंजिन करावे लागेल, 16,000 रुपये," असा निकाल दिला. रात्री जेवणे आटोपल्यावर घरात हाच विषय निघाला. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे तिच्या दुरुस्तीत कोण घालणार? येईल त्या भावाने विकून टाकू." भावजय म्हणाल्या, "भाऊजी, पैशांचे मी काही बोलत नाही. घाटात इंजिन अडकले आणि मागून मालमोटार आली तर?" पुतण्या काही बोलला नाही, गाडी गेली म्हणजे नोकरीही जाणार, हे सर्वांस ठाऊक होते. आमच्या घरी अशा वेळी शेवटचा शब्द वडील माणसाचा असतो. विकावी म्हटले तर मुलाची उपजीविका जाते. ठेवावी म्हटले तर माझ्या शब्दावर तो घाट उतरणार. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली, आणि तोवर त्याने एस.टी.ने जावे असे ठरविले.

संस्कृत शिकणारास वर्णोच्चाराची पद्धती आरंभीच शिकवितात. कोणताही वर्ण घेतला की दोन प्रश्न विचारावयाचे: त्याचे स्थान कोणते, आणि प्रयत्न कोणता? कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ ही स्थाने. जिभेने पूर्ण स्पर्श केला की किंचित्, हा प्रयत्न. मला वाटले, यंत्राच्या उच्चारासही हेच प्रश्न का विचारू नयेत? त्यांत तिसरा काळाचा प्रश्न मिळविला: आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो? स्थान, काल व प्रयत्न या तीन मथळ्यांची एक वही मी पुतण्याच्या हाती दिली.

आता या तीन प्रश्नांनी काय साधते ते सांगतो. दुचाकीच्या चार फेरांच्या इंजिनात दट्ट्या खालीवर होऊन क्रँक फिरवितो, आणि वरच्या डोक्यातील झडपा उघडणारा कॅमदांडा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. गाडी जागच्या जागी चालू ठेविली असता क्रँक मिनिटास 1400 फेरे घेत असेल, तर कॅमदांडा 700 घेतो. म्हणून वरून, झडपांच्या बाजूने येणारी टिकटिक ही खालच्या ठोक्याहून संथ व हलकी असते. तिचे कारण बहुधा टॅपेटमधील फट वाढणे. ही फट मिलिमीटरच्या एका दशांशाच्या आसपास असते. तिचे नेमके माप प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ती इंजिन थंड असताना पातळ पट्टीच्या मापाने तपासावयाची असते. क्रँकची गती कॅमदांड्याकडे नेणारी टायमिंग चेन सैल झाली म्हणजे सिलिंडरच्या बाजूस खडखड ऐकू येते. गाडी मंद चालू असता आणि वेग सोडताना ती विशेष जाणवते. थंड इंजिनात उमटणारी व ते तापताच ओसरणारी बोदी थपथप दट्ट्या व बोअर झिजल्याची खूण होय. क्लचची मूठ दाबताच जो आवाज बदलतो, त्याचे मूळ बहुधा क्लचकडे शोधावे. सायलेन्सरच्या नळीचे पॅकिंग गेले असता जी फुसफुस निघते ती दुरून टॅपेटसारखीच वाटते, परंतु तेथे काजळीचा डाग सापडतो. आणि पोटातून येणारा जड ठोका, जो चढावर, ओझ्याखाली अधिक घुमतो, तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा असण्याचा संभव फार. तो ऐकू आला तर गाडी तेथेच बंद करावी. पुढचा एक मैलही तिच्यावर जाऊ नये.

तेव्हा आमच्यापुढील खरा प्रश्न एवढाच होता: ही खडखड की हा ठोका?

पहिल्या दिवशी आम्ही गाडी गल्लीतून हलविली. दोन उंच भिंतींच्या मध्ये प्रत्येक आवाज दुणावतो व निरोगी इंजिनही आजारी वाटते, म्हणून ती खडकेश्वराकडील मोकळ्या जागेत नेली. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करून प्रथम तेल पाहिले, तर ते काडीवरील खालच्या खुणेच्याही खाली गेलेले. सिलिंडरच्या पंख्यांत वाळलेल्या काळ्या मातीची पुटे चढली होती. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे हे पंखे म्हणजे त्याची श्वास घेण्याची जागा. ते बुजले की उष्णता वाढते, तेल पातळ होते आणि धातूवर धातू वाजू लागतो. इंजिनाखालील संरक्षक पत्र्यात दोन खडे अडकलेले होते, तेही वाजत होते. न्यायशास्त्रात ज्याला हेत्वाभास म्हणतात, त्याचे हे उत्तम उदाहरण. खडे काढले, माती धुतली, नवे तेल घातले. टिकटिक बरीच कमी झाली. खडखड मात्र तशीच राहिली.

जुने तेल काढताना मी एक आग्रह धरिला: ते पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहावे. बेअरिंग झिजून जात असेल तर त्याचे चकाकणारे कण तेलात उतरतात. फडक्यावर काळेपणा होता, चकाकी नव्हती. वहीत पुतण्याने लिहिले: "स्थान – सिलिंडरची डावी बाजू. काल – मंद चालू असता, व वेग सोडताना. थोडा वेग देताच नाहीसा. प्रयत्न – चढावर वाढत नाही. क्लचने बदलत नाही." हे निरीक्षण त्याने पूर्वीच्या फेऱ्यांतील आठवणीवरून व मैदानातील प्रयोगांवरून केले. नैयायिक ज्यास अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, म्हणजे एक असता दुसरे असणे व एक नसता दुसरे नसणे, त्याहून हे निराळे काय आहे?

तथापि अशा परीक्षेवर जाणत्याची मुद्रा उमटल्यावाचून मी तिला प्रमाण मानणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी पैठण गेटाच्या बाजूस बसणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी वही वाचविली, हसले, आणि एक लांब पेचकस उचलला. त्याचे टोक इंजिनावर एकेका जागी टेकवून मूठ कानामागील हाडास लाविली. लोखंडातून आवाज सर्वत्र पसरतो, परंतु जेथे त्याचा उगम तेथे तो पेचकसातून तीक्ष्ण येतो.

हे पाहून मला वैद्यकाची आठवण झाली. आतड्यांची गुरगुर, सांध्यांचा आवाज व रोग्याच्या स्वरातील भेद वैद्याने कानाने परीक्षावेत, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची रीत 1761 मध्ये प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंप कितपत भरले आहे हे ठोकून पाहताना त्याने वडिलांस पाहिले होते, असे सांगतात. पुढे 1816 मध्ये पॅरिसच्या लेनेकने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीवर ठेवून कान लाविला, आणि तीतूनच आजचे स्टेथोस्कोप निघाले. मिस्त्रींचा पेचकस याच कुळातील होय.

त्यांनी खालच्या भागावर पेचकस बराच वेळ धरिला व मान हलविली. "मास्तर, खाली सगळे शांत आहे. क्रँकला हात लावायचा नाही. टेन्शनरची स्प्रिंग बसली आहे, चेन ढिली झाली आहे." मग पुतण्याकडे वळून ते म्हणाले, "पण अशीच आणखी पळवली असती, तर चेनने दात सोडला असता. झडप दट्ट्यावर आपटली म्हणजे मग खरे फुल इंजिन." भावजयींची भीती अनाठायी नव्हती, हे मला त्या वाक्याने पटले. टेन्शनर, टायमिंग चेन व तिची गाइडपट्टी बदलली, टॅपेटची फट मापून बसविली. सारा खर्च मजुरीसुद्धा 2,350 रुपये आला.

घरी आल्यावर बंधूंनी गाडी स्वतः चालू करून पाहिली, व काही न बोलता आत गेले. भावजयींनी मात्र मला स्पष्ट विचारले, "भाऊजी, मग घाट सुरक्षित का?" मी म्हणालो, "इंजिनापुरते उत्तर होय असे आहे. ब्रेक, टायर व चालविणाराची बुद्धी यांची परीक्षा निराळी." त्याच दिवशी ब्रेक तपासविले आणि मागचा टायर बदलला, त्यास दुरुस्तीहून अधिक पैसे लागले, व त्याविषयी कोणी तक्रार केली नाही.

वाचकांच्या घरी जुनी गाडी असेल, तर एवढे अवश्य करावे. ती निरोगी असताना महिन्यातून एकदा मोकळ्या जागी उभी करून शांतपणे ऐकावी. निरोगी आवाज ठाऊक नसेल तर विकृत कसा कळणार? बंद खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्याचा धूर प्राणघातक असतो. ऐकताना पदर, उपरणे व बोटे फिरत्या चेनपासून दूर ठेवावीत. आवाज आला की प्रथम तेल पाहावे, मग सैल पत्रे व स्क्रू, आणि त्यानंतरच इंजिनाच्या पोटाचा विचार करावा. दुरुस्तीवाल्याकडे जाताना आवाजाचे नाव, स्थान, काल व प्रयत्न लिहून न्यावे. जो कारागीर ते ऐकून घेतो आणि स्वतः कान लावतो, त्याच्या हाती गाडी द्यावी. जो न ऐकताच रक्कम सांगतो, त्यास नमस्कार करून पुढे जावे.

ती वही आता गाडीच्या किल्लीजवळच टांगलेली असते. तेल केव्हा बदलले, हवेची जाळी केव्हा झाडली, हे पुतण्या तीत लिहितो; धुळीच्या रस्त्यावर ही कामे पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच करावी लागतात. शेवटच्या पानावर मी एक ओळ लिहून त्याची सही घेतली आहे: ज्या दिवशी खालून जड ठोका ऐकू येईल, त्या दिवशी गाडी असेल तेथे उभी करावयाची आणि बसने घरी यावयाचे. त्या ओळीखाली त्याच्या आईनेही सही केली आहे.