ट्रम्पेट दुरुस्तीला देण्याआधी

पुणे

चि. समीर यास,

लग्नसराई संपली, आता ट्रम्पेट दुरुस्तीला काढतो म्हणतोस. बाजारातला एक जण ‘बफ मारून नवा करून देतो’ म्हणाला, तर घाई करू नकोस. कर्ण्याचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. बफखाली गेलेलं पितळ परत येत नाही. कारागीर पारखायचा तो यावरून, की तो किती धातू राखतो.

आपल्या तांबट आळीतल्या मठारकामाचा मला अभिमान आहे. ठोकून भांडं घट्ट होतं, झळाळतं. ट्रम्पेटला मात्र ती ठोक सोसत नाही. त्याचा पोचा आतून, नळीच्या मापाचा पोलादी गोळा किंवा दांडा फिरवून उचलावा लागतो. म्हणून दुकानात गेलास की आधी हत्यारं बघ. अडकलेल्या माउथपीसला कोणी पक्कड लावताना दिसला, तर तिथूनच माघारी फीर. पिळण्याने नळीचे डाख सुटतात.

खरी कसोटी पिस्टनची. पिस्टन आणि नळकांडं यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. पिस्टन जड चालतो म्हणून घासायची पेस्ट फिरवली, की तो हलका होतो, पण हवा गळते आणि वरचे सूर धरत नाहीत. पुष्कळदा साचलेलं तेल आणि मळ धुतला तरी भागतं. देण्याआधी घरीच बघ: पिस्टन न दाबता त्याची स्लाइड ओढ. फट्‌कन आवाज आला तर हवा धरते आहे. परत आणल्यावर हेच पुन्हा कर.

माउथपीसपुढच्या नळीवर लालसर ठिपके आहेत का, तेही पाहा. पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ओलाव्याने जस्त निघून गेलं की तांबं उघडं पडतं. पॉलिशने हे ठिपके जात नाहीत. बिघाड खोल गेला असेल तर नळीच बदलावी लागते. हे जो स्वतःहून दाखवतो, त्याच्यावर विश्वास ठेव.

तुझा ट्रम्पेट मेरठच्या जली कोठीत बनलेला आहे. तिथली वाद्यं पूर्वी खोललेला माणूस कोण, हे जुन्या बँडवाल्यांना विचार. नुसता पत्ता घेऊ नकोस. दुरुस्तीनंतर वाद्य वर्षभर कसं वाजलं, तेही विचार.

आणि पावतीवर लिहून घे: विचारल्याशिवाय बफ नाही, पिस्टन घासायचे नाहीत. एवढं लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे ट्रम्पेट ठेवू नकोस.

तुझा,
काका