खरसुंडीहून खिलार घरी आणताना



पौष महिना लागला की माणदेशातल्या वाटा खरसुंडीकडे वळतात. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातले हे सिद्धनाथाचे गाव. 'नाथबाबाच्या नावानं चांगभलं' म्हणत माणसे देवळाकडे जातात आणि परतताना जनावरांच्या बाजारात रेंगाळतात. जिकडे पाहावे तिकडे पांढरी खिलारं, मागे वळलेली अणकुचीदार शिंगे, गळ्यात घुंगरमाळा. कोरडी हवा, कुसळी गवत आणि कडब्यावर वाढलेले हे जनावर काटक असते, पायाने चपळ असते आणि स्वभावाने बुजरे असते.

आपण बाजारात काय करतो? दात पाहायला, चालवून बघायला एक दिवस. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायला अर्धा दिवस. आणि टेम्पोत चढवायला पाच मिनिटे! डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यावर चांगल्या खोंडाला मोलही तसेच आले आहे. वर्षाच्या कमाईचा ऐवज आपण निसरड्या पत्र्यावर उभा करतो आणि ड्रायव्हरशेजारी बसून चहाच्या गोष्टी बोलतो. भिवघाट, विटा करीत कराडकडे निघालेला एक देखणा चार दाती खोंड मी पाहिला आहे. पत्रा शेणामुताने ओला झाला होता. एका वळणावर त्याचे मागचे पाय फाकले, खुब्याचा सांधा निखळला. मालकाने दावणीला बांधला, पण औताला तो पुन्हा लागला नाही.

म्हणून गाडी ठरवताना भाड्याच्या आधी तळ पाहा. काथ्याची चटई किंवा फळ्या टाकून घ्या, वर वाळू आणि जाड पाचट पसरा. फळके बुटके असेल तर उंच करून घ्या, आतल्या बाजूने गवताने भरलेली पोती बांधा. जनावराचे तोंड इंजिनाकडे असावे म्हणजे ते कमी बिचकते. आणि वेसण गजाला बांधू नका हो! ब्रेक लागला की नाक फाटते. दोर म्होरकीचा घ्या. मान वर-खाली करता येईल एवढा लांब, पण पाय अडकेल एवढा सैल नको.

चढवताना शेपूट पिरगाळणारे हौशी लोक बाजारात पुष्कळ भेटतात. त्यांना हात जोडून दूर ठेवा. गाडीचे मागचे फळके बांधाला किंवा मातीच्या उंचवट्याला टेकवा आणि विकणाऱ्यालाच पुढे चालायला सांगा. खिलाराने जन्मापासून त्याचाच आवाज ऐकलेला असतो. त्याच वेळी बैलाचे नावही विचारून घ्या. वाटेत नावाने हाक मारली की कान टवकारतो आणि उभा राहतो.

कागदांचाही कंटाळा करू नका. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे एका मालगाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत, सोबत एक राखणदार लागतो, आणि त्याच गाडीत दुसरा माल भरता येत नाही. म्हणजे यात्रेतून घेतलेली लोखंडी कॉट बैलाच्या पायाशी टाकायची नाही. जनावर प्रवासाला धड आहे, त्याला साथीचा रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला, खरेदीची पावती आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर जवळ ठेवा. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून रस्त्यात विचारपूस होते. कागद नसले तर शेतीसाठी नेलेला बैलसुद्धा अडकून पडतो.

निघण्याआधी पाणी पाजा, थोडा कडबा द्या. पेंड-भरड्याने पोट भरू नका, धक्क्यांत पोटफुगीचा त्रास होतो. दोनेक तासांनी सावलीत गाडी थांबवून ओले पाचट बाजूला सारा, पाणी दाखवा. उन्हाळी चैत्री यात्रेतून येत असाल तर पहाटेच निघा.

घरी बायाबापड्या पायावर पाणी घालून, भाकरतुकडा ओवाळून घेतात. ते जरूर करावे, पण फटाके आणि पोरांचा गराडा नको. आपल्या दावणीला मात्र लगेच बांधू नका. २०२२ ची लम्पीची साथ आठवा, त्या वेळी राज्यातले गुरांचे बाजार बंद करावे लागले होते. तीन आठवडे वेगळे बांधा, गोचीड पाहा, त्याची बादली वेगळी ठेवा. विकणाऱ्याकडून आठ दिवसांचा कडबा सोबत आणला असेल तर उत्तम. त्यात आपली वैरण रोज थोडी थोडी मिसळत जा. उसाचे हिरवे वाढे मात्र पहिल्या दिवशी पुढ्यात टाकू नका; माणदेशच्या कोरड्या वैरणीवरच्या पोटाला ते एकदम झेपत नाही.