थेंबाथेंबाने उतरलेलं प्रेशर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एकोडीला आमच्याकडे धानाची रोवणी चालली होती. सासूबाईंनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या महिनाभर घेतल्याच नव्हत्या. "मले आता काई होत नाई," म्हणायच्या. फळीवरचं भरलेलं पाकीट मला रोज दिसे. पण रोवणीच्या बायांचा स्वयंपाक, पाऊसपाणी... बोलायचं राहून गेलं.

एके सकाळी त्यांचं डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे धुकं आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एक कॅप्सूल मिळते, ती टोचून जिभेखाली पिळा." पूर्वी सर्रास करत असत तसं. नशीब, घरात नव्हती! भंडाऱ्याला नेलं तेव्हा वरचं प्रेशर २३० आणि खालचं १३०.

शिरेतून औषध सुरू झालं. तासाभराने पाहते तो आकडा १९०! मी डॉक्टरीणबाईंवर चिडलेच. "एवढं औषध देता, मग एकदम खाली का आणत नाही?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या तासात साधारण पाव हिश्श्याहून जास्त उतरवायचं नसतं. तुमच्याकडे तलावाचं पाणी पाटाने येतं ना? तलाव एकाएकी ओसरला तर शेवटच्या बांधीचं काय होतं?"

कोरडी पडते, दुसरं काय! जोराच्या दाबाची सवय झालेल्या मेंदूचं, हृदयाचं, मूत्रपिंडांचं तेच होतं म्हणे. दाब धाडकन पडला की त्यांना रक्त पुरत नाही. हृदयविकाराचा झटका येतो, पक्षाघात होतो, मूत्रपिंडं काम सोडतात. जिभेखालच्या कॅप्सूलने दाब असाच बेताल कोसळे, म्हणून डॉक्टरांनी ती रीत सोडली.

दमा आहे का, हे त्यांनी आधीच विचारलं होतं. लॅबेटॅलॉल नावाच्या त्या औषधाने नाडी मंदावते आणि दमेकऱ्याचा श्वास अडू शकतो. म्हणून छातीला तारा लावलेल्या. लघवी तासातासाला मोजत. मीही लाज सोडून नर्सबाईंना तेच विचारत होते, "किती झाली हो?"

दुसऱ्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं नि माझ्या पोटात गोळा आला. दाब उतरताना कधीकधी असं होतं, रोज तपासू, म्हणाल्या. चौथ्या दिवशी ते उतरलं.

घरी सोडताना त्यांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद होत्या?" सासूबाई माझ्याकडे पाहू लागल्या. "महिना झाला," मीच सांगितलं. "मला माहीत होतं."

आता सकाळी चहाआधी गोळी मी त्यांच्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत तिथेच उभी राहते. त्या चिडतात. "काहून वो, लेकरू हाय का मी?"