आकड्यामागची वाट

द्राक्षाच्या हंगामात प्रयोगशाळांमधून जे रिपोर्ट बाहेर पडतात, त्यांत वाचला जातो तो फक्त आकडा. औषधाचं नाव, पुढे किलोमागे किती मिलिग्रॅम, त्याच्या शेजारी युरोपची मर्यादा. बागायतदाराची नजर थेट तिथे जाते, निर्यातदाराचीही. पास की फेल, एवढंच दोघांना हवं असतं, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. कंटेनर ठरलेला असतो, घड वेलीवर थांबायला तयार नसतो.

मी या आकड्याच्या मागच्या बाजूला काम करत आले. आधी रेसिड्यू लॅबमध्ये अ‍ॅनालिस्ट, मग क्वालिटी मॅनेजर, आणि आता प्रयोगशाळांना मान्यता (अ‍ॅक्रेडिटेशन) देणाऱ्या एनएबीएलच्या वतीनं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळा तपासणारी असेसर. भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आकडा खरा करत नाही, हे मला अ‍ॅनालिस्ट असतानाच कळलं होतं. त्या प्रमाणपत्रामुळे आकड्यावरून मागे चालत जाण्याचा हक्क मिळतो, आणि मागे जायला वाट शाबूत ठेवण्याचं बंधन प्रयोगशाळेवर येतं. माझ्या मते अ‍ॅक्रेडिटेशनचं सगळं मोल इथेच आहे.

असेसमेंटला गेले की ओपनिंग मीटिंगनंतर मी मागच्या हंगामातला एक रिपोर्ट मागते. कुठला, ते मीच सांगते. मग तिथून उलट्या पावली निघायचं. हा आकडा कुठल्या आलेखातून आला? शिखराखालचं क्षेत्रफळ सॉफ्टवेअरनं मोजलं, की कुणी हातानं रेघ ओढली? हातानं ओढली असली तरी हरकत नाही. पण का ओढली ते लिहिलेलं हवं आणि आधीची रेघही ऑडिट ट्रेलमध्ये दिसायला हवी. कॅलिब्रेशन कर्व्ह द्राक्षाच्या अर्कात बनवली होती, की नुसत्या सॉल्व्हंटमध्ये? द्राक्षातली साखर, आम्लं, रंगद्रव्यं यंत्राचा प्रतिसाद दाबतात किंवा फुगवतात, म्हणून हा प्रश्न. ज्या स्टँडर्डवरून कर्व्ह बनली त्याची शुद्धता किती, मुदत कधीची, ते कुणी तोललं? तराजूची त्या सकाळची तपासणी कुठे नोंदली आहे? तपासणीच्या वजनाचं कॅलिब्रेशन कुणी केलं, आणि त्यांचं वजन कुणाशी ताडलेलं होतं? असं जात जात शेवटी आपण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या दारात पोचतो. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम आहे, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच प्लँकच्या स्थिरांकावर बांधलेली आहे. निफाडच्या एखाद्या प्लॉटचा आकडा आणि तो स्थिरांक यांच्यामधली एकही कडी तुटलेली नसावी, असा हा आग्रह. वाटेची दुसरी शाखा बागेकडे जाते: नमुना कुणी कापला, कुठल्या ओळींतून, पिशवीवर कोड काय, थंड पेटीत किती वेळ होता.

हे सगळं एखाद्याला कागदी खेळ वाटेल. मला तसं कधी वाटलं नाही, कारण आम्ही काय मोजतो ते मला ठाऊक आहे. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. म्हणजे एका टनात दहा मिलिग्रॅम. टनभर द्राक्षांत साखरेचे मोजके दाणे विरघळवावेत आणि मग ते शोधायला निघावं, असा हा शोध. इतक्या खोलवर कुठलंही यंत्र एकच एक उत्तर देत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले रसायनशास्त्रज्ञ विल्यम हॉर्विट्झ यांनी असंख्य प्रयोगशाळांचे निकाल एकत्र मांडून दाखवलं, की पदार्थाचं प्रमाण शंभर पटींनी घटलं की प्रयोगशाळांमधला फरक दुप्पट होतो. दहा लाखांत एक भाग असेल तिथे हा फरक सुमारे १६ टक्के, शंभर कोटींत एक भाग असेल तिथे ४५ टक्के. हा कुणाचा हलगर्जीपणा नव्हे. मोजण्याचा स्वभावच तसा आहे. युरोपातले रेसिड्यू तपासणारे आकड्याला सरसकट ५० टक्क्यांची अनिश्चितता धरतात, ती याच अनुभवातून.

आता या ५० टक्क्यांचं काय करायचं, इथे खरी कसोटी लागते. समजा आकडा ०.०१२ आला आणि मर्यादा ०.०१ आहे. युरोपातला सरकारी अधिकारी त्यातून निम्मे वजा करतो, ०.००६ उरतात, आणि माल नियमबाह्य ठरवायला तो धजत नाही, कारण आरोप सिद्ध करायची जबाबदारी त्याची असते. बागायतदाराच्या बाजूनं तपासणाऱ्यानं मात्र उलट बाजूनं विचार करायला हवा. आपल्याकडे ०.००८ आलेला माल तिथे ०.०१२ दिसू शकतो. त्यात तिथल्या काही सुपरमार्केटवाल्यांना सरकारी मर्यादेच्या एक तृतीयांशाइतकंच अवशिष्ट चालतं. तोच आकडा, पण कोण कशासाठी वाचतो त्यावर त्याचा अर्थ फिरतो. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत म्हणूनच स्पष्ट सांगितलं आहे, की पास-फेल लिहिणार असाल तर अनिश्चितता कशी धरली तो निर्णयाचा नियम लिहून ठेवा आणि ग्राहकाशी आधी ठरवा. त्या आवृत्तीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी सुधारणा ही.

बागायतदाराशी हे बोलायचं कसं, ते पुस्तकात नाही. एकजण दोन लॅबचे दोन रिपोर्ट घेऊन आला होता. ‘‘मॅडम, त्यांच्याकडं ०.००९, तुमच्याकडं ०.०१२. कुणाचं खरं धरू?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, या खोलीवर हे दोन्ही आकडे एकच आहेत.’’ त्याला ते पटायला वेळ लागला. मग दोन्ही रिपोर्टच्या तळाशी लिहिलेली अनिश्चितता मी त्याला पेन्सिलनं रेघ ओढून दाखवली, ०.००९ ची रेघ आणि ०.०१२ ची रेघ, एकमेकींवर चढलेल्या. तो शेवटी म्हणाला ते बरोब्बर होतं: ‘‘म्हंजी पुढच्या वर्षी हे औषध आणखी लवकर बंद करायला पायजे.’’ काढणीपूर्वीचा कालावधी वाढवणं हाच त्या आकड्याचा शेतातला अर्थ होता.

आमच्या कामात २०१० सालाचा उल्लेख आजही निघतो. त्याआधी २००३ मध्ये युरोपनं अवशिष्टांवरून माल नाकारल्यानंतर बरंच काही उभं राहिलं होतं. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र राष्ट्रीय रेफरल लॅबोरेटरी म्हणून काम पाहत होतं, २००६ पासून कृषी निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट या प्रणालीवर प्लॉटनिहाय नोंद होत होती, तपासणाऱ्या प्रयोगशाळांना एनएबीएलची मान्यता होती. तरीही २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदारांच्या भाषेत सीसीसी. माल अडकला, भाव कोसळला, नाशिक-सांगलीच्या कित्येक घरांचं वर्ष गेलं.

सीसीसी हे कीटकनाशकही नाही, बुरशीनाशकही नाही. वाढ रोखणारं संजीवक. खरड छाटणीनंतर नुसती पालेदार वाढ आवरून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून ते वापरलं जाई. फवारणी एप्रिलमधल्या या छाटणीनंतरची, घड हाती येणार त्याच्या पुढच्या जानेवारी-मार्चमध्ये. इतक्या महिन्यांनी ते मण्यांत असेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तपासायच्या यादीत ते नव्हतं. यादीत असतं तरी नेहमीच्या पद्धतीत ते निसटलं असतं, कारण ते धनभारित, अतिशय पाण्यात रमणारं संयुग. शेकडो औषधं एकाच वेळी ओढून घेणाऱ्या इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये ते येतच नाही. त्याच्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलचा वेगळा अर्क, वेगळा कॉलम, वेगळी रन लागते. म्हणजे ‘आढळलं नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणारी, सगळ्या कसोट्यांना उतरलेली प्रयोगशाळा त्या वर्षी या संयुगाबद्दल खरं तर काहीच बोललेली नव्हती.

त्या हंगामापासून मी स्कोप, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशनची व्याप्ती, वाचायला शिकवते. अ‍ॅक्रेडिटेशन प्रयोगशाळेला मिळतं असं आपण म्हणतो, पण ते मिळतं प्रमाणपत्राला जोडलेल्या तक्त्यातल्या एकेका ओळीला: कुठला पदार्थ, कुठलं संयुग, कुठली पद्धत, कुठल्या मर्यादेपासून. फ्रेममध्ये पहिलं पान लागतं, तक्ता फाइलीत राहतो. ज्याला लॅब निवडायची आहे त्यानं आधी तक्ता मागावा, तो एनएबीएलच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येतो. नवी ओळ मिळवायची तर ज्ञात प्रमाणात मिसळलेल्या संयुगापैकी ७० ते १२० टक्के परत सापडलं पाहिजे, पुन्हा पुन्हा केलं तरी फरक २० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, आणि प्रोफिशियन्सी टेस्टमध्ये इतर प्रयोगशाळांच्या पंगतीत झेड-स्कोअर दोनच्या आत यावा. तेव्हा कुठे त्या ओळीसाठी एनएबीएलचं चिन्ह वापरता येतं.

असेसरच्या कामात मला सर्वांत जास्त खटकतं ते उत्तर म्हणजे ‘मानवी चूक, प्रशिक्षण दिले’. नॉन-कन्फर्मिटी नोंदवली की मूळ कारण शोधून द्यायचं असतं, आणि हे वाक्य जवळजवळ छापील होऊन बसलं आहे. एका ठिकाणी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचे निकाल सतत अविश्वसनीय वाटावेत इतके कमी येत होते. मॅन्कोझेब मोजताना द्राक्षं वाटायची नसतात. मणी फुटला, रस लागला की ते संयुग मोडायला लागतं, म्हणून न वाटलेला भाग वेगळा घेऊन त्यातून कार्बन डायसल्फाइड मोकळा करून मोजतात. इथे तो भाग वाटलेल्या गरातून घेतला जात होता. कारण: मानवी चूक. उपाय: प्रशिक्षण. मी ज्या मुलानं नमुना वाटला होता त्याला फक्त प्रश्न विचारत गेले. तो रात्रपाळीत एकटा असायचा. त्याच्या हाती येणाऱ्या फॉर्मवर नमुन्याचा एकच कोड होता. मॅन्कोझेब मागितलं आहे की नाही, हे त्या फॉर्मवर नव्हतंच. ते दिवसपाळीच्या ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये होतं. त्या मुलाला दहा वेळा प्रशिक्षण दिलं असतं तरी पुढचा नमुना त्यानं वाटलाच असता.

असेसरनं सल्ला द्यायचा नसतो. उपाय डोळ्यांसमोर असतो आणि तो बोलायचा नाही, कारण आज मी सुचवलेलं उद्या मीच तपासणार. हा नियम मला आधी जाचायचा. आता वाटतं, तो नसता तर मी इतके प्रश्न विचारायला शिकले नसते. त्या प्रयोगशाळेच्या टेक्निकल मॅनेजरनं स्वतःच शेवटी आवक फॉर्म पुढे ओढला आणि दोन कोडांसाठी दोन चौकटी आखल्या.

प्रयोगशाळांच्या अ‍ॅक्रेडिटेशनची सुरुवात १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियात, दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळ्याच्या चाचण्यांच्या अडचणींतून झाली. नाटा ही तिथली संस्था आजही चालू आहे. २ नोव्हेंबर २००० रोजी २८ अर्थव्यवस्थांमधल्या ३६ संस्थांनी एकमेकींच्या अ‍ॅक्रेडिटेशनला मान्यता देण्याचा करार केला, त्यात एनएबीएल होती. म्हणून नाशिकचा रिपोर्ट रॉटरडॅमला वाचता येतो. तिथे पुन्हा तपासत नाहीत असं नाही, पण वाचता येतो.

पॅकहाउसमधल्या इन्स्पेक्शनला वेगळं मानक आहे, आयएसओ १७०२०. तिथे बरंचसं काम माणसाच्या नजरेचं: मण्याचा आकार, रंग, डाग, घडाची ठेवण. तिथल्या निरीक्षकाचं मनगट कुणी पकडत नाही ना, हे पाहणं मला यंत्र तपासण्याहून अवघड वाटतं.

माझ्या मनात बरीच वर्षं एक प्रश्न आहे. निर्यातीच्या प्लॉटला नोंदणी, नमुना, रिपोर्ट सगळं सक्तीचं. त्याच गावातली जी द्राक्षं पुण्या-मुंबईच्या बाजारात येतात, त्यांच्या पेटीमागे असा प्लॉटनिहाय रिपोर्ट कुणी मागत नाही. अन्नसुरक्षा खातं नमुने उचलतं, तेवढंच. आमच्या स्कोपच्या तक्त्यात ‘द्राक्ष’ असं लिहिलेलं असतं. ते कुणाच्या ताटात जाणार, असा रकाना त्यात नाही. यंत्रं आहेत, पद्धती तपासून घेतलेल्या आहेत, मुलं शिकलेली आहेत. एखाद्या बाजार समितीनं, एखाद्या मोठ्या किरकोळ विक्रेत्यानं एका हंगामासाठी तरी आपल्या पुरवठादारांकडून हे रिपोर्ट मागून पाहावेत, स्कोपच्या तक्त्यासकट. माल जानेवारीत यायला लागतो, तेव्हा लॅबशी बोलणी दिवाळीच्या आसपासच उरकावी लागतील, कारण त्यानंतर निर्यातीच्या नमुन्यांनी फ्रीझर भरलेले असतात.